जुन्या इंजिनाचे तेल आणि आपद्धर्म

एक लाख मैल, म्हणजे सुमारे 1,61,000 किलोमीटर चाललेल्या इंजिनात कोणत्या नंबरचे तेल घालावे, हा प्रश्न ब्रिटनमधील कोणत्याही गॅरेजमध्ये रोज विचारला जातो. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत 5डब्ल्यू-30 लिहिलेले असते. इंजिन जुने झाले, आता थोडे जाड तेल, 5डब्ल्यू-40 किंवा 10डब्ल्यू-40, घालावे, असा सल्ला अनुभवी माणसे देतात. दोन्ही बाजूंना तर्क आहे. यंत्रशास्त्राचा हा प्रश्न नीतिशास्त्रातील एका जुन्या प्रश्नाला जाऊन मिळतो: तरुणपणासाठी घालून दिलेला नियम म्हातारपणी बंधनकारक राहतो का, आणि राहत नसेल तर तो केव्हा, किती आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलावा?

प्रथम आकड्यांचा अर्थ. तेलाच्या डब्यावरील नंबराला ‘वजन’ म्हणण्याची पद्धत असली, तरी तो तेलाचे वजन सांगत नाही. तो श्यानता सांगतो, म्हणजे तेल वाहण्याला किती विरोध करते ते. दुसरा आकडा तापलेल्या इंजिनासाठी असतो. 100 अंश सेल्सिअसला 30 नंबरच्या तेलाची श्यानता 9.3 ते 12.5 सेंटिस्टोक्स असते, 40 नंबरच्या तेलाची 12.5 ते 16.3. पहिला आकडा आणि त्याच्यापुढचा ‘डब्ल्यू’ हिवाळ्यासाठी. गारठलेले इंजिन सुरू करताना 5डब्ल्यू तेलाची परीक्षा उणे 30 अंशांना होते, 10डब्ल्यूची उणे 25 अंशांना. म्हणून 5डब्ल्यू-30 आणि 5डब्ल्यू-40 ही तेले गारठ्यात साधारण सारखी वागतात आणि तापल्यावर वेगळी होतात. ‘जाड’ हा एकच शब्द वापरला की हा भेद नजरेआड होतो आणि वाद भलत्याच दिशेला जातो.

तेल इंजिनात नेमके काय करते, हे समजले तेही ब्रिटनमध्येच. इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्ससाठी बीचम टॉवर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगमधील घर्षण मोजत होते. त्यांचा अहवाल 1883 साली आला. प्रयोगात त्यांनी तेल घालण्यासाठी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी त्याच भोकातून वर येऊ लागले. टॉवर यांनी बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. मग तिथे दाबमापक बसवला, तेव्हा काटा दर चौरस इंचाला 200 पौंडांच्या पलीकडे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार याच्या निम्माच होता. याचा अर्थ फिरता आस स्वतःच तेलाला पाचरीसारख्या फटीत ओढून नेत होता आणि त्या दाबावर तरंगत होता. मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजातील प्राध्यापक ऑस्बोर्न रेनल्ड्स यांनी 1886 मध्ये या घटनेचे गणित मांडले. नीट चालणाऱ्या बेअरिंगमध्ये धातू धातूला शिवत नाही, मध्ये तेलाचा पापुद्रा असतो. तो किती जाड असेल हे श्यानता, वेग आणि भार या तिघांवर ठरते.

या गणितावरून ‘जास्त जाड ते जास्त सुरक्षित’ हा निष्कर्ष निघत नाही. तेल फार पातळ असेल तर पापुद्रा फाटतो. फार जाड असेल तर ते अरुंद वाटांतून वेळेवर पोचत नाही, पंपावर ताण येतो, इंधन वाया जाते, आणि तेल स्वतःच घुसळले जाऊन तापते. ॲरिस्टॉटलने मध्यममार्गाविषयी लिहिताना मायलो या मल्लाचे उदाहरण दिले आहे. दहा मापे अन्न जास्त आणि दोन मापे कमी, म्हणून सहा मापे प्रत्येकाला योग्य, असे होत नाही. मायलोला ती कमी पडतील आणि नवशिक्याला जास्त होतील. योग्य प्रमाण दोन टोकांच्या गणिती मध्यावर सापडत नाही, ते घेणाऱ्याकडे पाहूनच ठरते. भारतीय परंपरेत हेच तत्त्व देश, काल आणि पात्र या तीन शब्दांत बसवले आहे, आणि तेलाच्या प्रश्नाला ते तिन्ही लागू पडतात.

देश म्हणजे येथे ब्रिटन. या देशाच्या हवामानखात्याच्या नोंदीतील नीचांक उणे 27.2 अंश आहे, आणि तो स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला, ब्रेमार आणि ऑल्टनाहारा येथला आहे. दक्षिण इंग्लंडमधील बहुतेक हिवाळी सकाळी शून्याच्या आसपास असतात. उन्हाळाही विदर्भासारखा नाही. त्यामुळे हवामानासाठी म्हणून जाड तेल घालण्याचे कारण तिथे सहसा उद्भवत नाही, आणि 5डब्ल्यू तेल जवळपास सगळीकडे पुरते. नागपूरच्या मे महिन्यात कमावलेला अनुभव लेस्टरच्या जानेवारीत जशाचा तसा लावता येत नाही.

काल म्हणजे गाडी कधी आणि किती वेळ चालते. मुलांना शाळेत सोडणे, स्टेशनपर्यंत जाणे, कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणणे, अशा दोन-तीन मैलांच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापतच नाही. न जळलेले पेट्रोल आणि वाफेचे पाणी तेलात उतरत राहते. तेल पातळ होते, मळते, त्याचा चिकट गाळ बनतो. ज्या इंजिनाचा बराचसा दिनक्रम गारठ्यातच जातो, त्याला तापल्यावरच्या नंबरापेक्षा तेल लवकर बदलण्याचा उपयोग जास्त. महिन्याला हजार मैल मोटरवेवर धावणाऱ्या गाडीचे एक लाख मैल आणि गल्लीबोळांतून जमा झालेले एक लाख मैल आकड्यात सारखे दिसले, तरी त्यांनी इंजिनावर केलेले परिणाम वेगळे असतात.

पात्र म्हणजे इंजिन, आणि ‘जुने इंजिन’ या शब्दांत दोन अर्थ मिसळलेले आहेत. एक, जुन्या घडणीचे इंजिन. 1959 साली आलेल्या मिनी गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलात बुडलेले असत. त्या पिढीच्या ब्रिटिश गाड्यांशी 20डब्ल्यू-50 हे तेल कायमचे जोडले गेले, आणि अशा गाडीत तेच घालणे म्हणजे मूळ नियम पाळणे होय. दुसरा अर्थ, नव्या घडणीचे पण झिजलेले इंजिन. ‘जुन्याला जाड’ ही म्हणीसारखी चालत आलेली समजूत पहिल्या अर्थातून जन्मली आणि दुसऱ्याला चिकटली. आजच्या इंजिनात फटी मुळातच कमी, तेलाच्या वाटा अरुंद, आणि टर्बो किंवा व्हॉल्व्ह-टायमिंगचे भाग तेलाच्या दाबावरच चालतात. तिथे 20डब्ल्यू-50 घालणे म्हणजे आजोबांचे औषध नातवाला देणे.

झिजलेल्या इंजिनात काय घडते? बेअरिंगमधील फट वाढते, तिच्यातून तेल लवकर निसटते, आणि गाडी तापून सिग्नलला उभी असताना दाब उतरतो. पिस्टनच्या रिंगा झिजतात किंवा काजळीने जागच्या जागी अडकतात, व्हॉल्व्हचे सील कडक होतात, आणि मग इंजिन तेल ‘खाऊ’ लागते. जाड तेल कमी निसटते आणि कमी चढते, हे खरे. पण किती? अरुंद फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली तर गळती आठपट. उलट 30 नंबरवरून 40 नंबरवर गेल्याने श्यानता साधारण सव्वापट होते. सव्वापट श्यानता भरून काढते ती फटीतली जेमतेम आठ टक्के वाढ. तेल बदलून झीज झाकता येईल ही आशा या हिशेबापुढे टिकत नाही. एक पायरी जाड तेल काठावरच्या इंजिनाला थोडा आधार देते, खचलेल्या इंजिनाला उभे करीत नाही.

म्हणून ‘इतके मैल झाले, आता तेल बदला’ हा नियम अपुरा आहे. वय हे कारण पुरेसे असते का, या प्रश्नावर भारतीय ग्रंथांचे उत्तर सूक्ष्म आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात रोग्याची दहा अंगांनी परीक्षा सांगितली आहे: प्रकृती, विकृती, सार, शरीराची बांधणी, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय. वय त्यात आहे, पण दहांपैकी एक म्हणून, आणि यादीत शेवटी. मनुस्मृतीत गृहस्थाने वनाकडे वळावे ते कधी, याचे उत्तरही वर्षांच्या आकड्यात दिलेले नाही. अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पांढरे केस आणि मुलाला मूल झालेले दिसले, की तो काळ आला. नियम बदलायचा तो खुणा पाहून. मैलांचा आकडा त्या खुणा शोधण्याची वेळ झाली एवढेच सांगतो.

इंजिनाच्या खुणा वाचता येतात. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू करताच निळसर धुराचा एक झोत येऊन थांबला, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर जातो. चढावर ॲक्सिलरेटर दाबताना निळा धूर येत राहिला, तर रिंगांवर. जमिनीवर थेंब दिसले, तर गळती बाहेरची आहे आणि नंबर बदलण्याआधी गॅस्केट पाहायला हवे. दाबाचा दिवा सिग्नलला लुकलुकत असेल, तर त्याच्या स्विचच्या जागी खरा दाबमापक लावून, इंजिन पुरते तापल्यावर, काटा कुठे थांबतो ते बघायचे. पुष्कळदा दोष इंजिनात नसतो, स्विचमध्ये असतो. आणि सर्वांत साधी परीक्षा डिपस्टिकची. गाडी सपाट जागी उभी करायची, इंजिन बंद करून तेल खाली उतरू द्यायचे, पट्टी काढून पुसायची, पुन्हा तळापर्यंत घालून काढायची, आणि तेल खालच्या व वरच्या खुणेमध्ये कुठे आहे ते मैलांच्या आकड्यासह वहीत टिपायचे. हजार-हजार मैलांच्या तीन-चार नोंदी झाल्या, की इंजिन तेल खाते का आणि किती, हे अंदाजाने बोलावे लागत नाही.

यानंतर प्रश्न येतो तो शास्त्राच्या अधिकाराचा. निर्मात्याची पुस्तिका हे या विषयातले शास्त्र. ते लिहिणाऱ्यांनी इंजिन उघडून पाहिलेले असते, वापरणाऱ्याने सहसा पाहिलेले नसते, म्हणून त्याला मान द्यायलाच हवा. पण शास्त्र वाचण्याचीही एक रीत असते, आणि मीमांसकांनी ती शिकवली आहे: वाक्य कोणत्या हेतूने आले ते पाहा. पुस्तिकेत पातळ तेल लिहिण्यामागे इंजिनाचे संरक्षण असते, तशी इंधनाची बचत आणि कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनाचे नियमही असतात. त्यामुळे अनेक पुस्तिकांत एकच नंबर नसतो, तापमानानुसार दोन-तीन नंबरांना मुभा असते, आणि तेच इंजिन दुसऱ्या देशात दुसऱ्या नंबरासह विकले जाते. अशी मुभा छापलेली असेल तर जाड तेल निवडणे हे नियम मोडणे नाही, नियमाच्या आतली निवड आहे.

उलट काही शब्द असे असतात की ते ढळू नयेत. डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला कमी राख सोडणारे तेल लागते. नंबर बरोबर आणि दर्जा चुकीचा असेल तर तो फिल्टर हळूहळू बुजतो. काही इंजिनांत टायमिंग बेल्टच तेलात फिरतो, तिथे निर्मात्याने मंजूर केलेल्या तेलाखेरीज दुसरे घातले तर बेल्टचे रबर झडून तेलाची जाळी बंद होऊ शकते. म्हणून डब्याच्या पुढच्या बाजूचा ठळक नंबर वाचून थांबू नये. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दिलेली मंजुरीची यादी वाचावी. व्याकरणात सामान्य नियमाला उत्सर्ग म्हणतात आणि विशेष नियमाला अपवाद. अपवाद आपल्या क्षेत्रापुरताच चालतो, बाकी सर्वत्र उत्सर्ग अबाधित राहतो. नंबराबाबत अपवाद घेतला म्हणून दर्जाचा नियम सुटत नाही.

पुस्तिकेतही मुभा नाही, इंजिन तेल खाते आहे, आणि ते उघडून बांधण्याचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त आहे, अशी वेळ आली तर? येथे आपद्धर्माचा विचार लागतो. महाभारताच्या शांतिपर्वात त्यावर स्वतंत्र उपपर्व आहे. बारा वर्षांच्या दुष्काळात भुकेने व्याकूळ झालेला विश्वामित्र कुत्र्याचे मांस घेतो, ही त्यातली प्रसिद्ध कथा. विश्वामित्र आपल्या कृत्याला नेहमीचा धर्म ठरवीत नाही. जीव राहिला तर धर्म पुन्हा आचरता येईल, एवढाच त्याचा युक्तिवाद, आणि कथेत पुढे पाऊस पडतो. आपद्धर्माच्या तीन अटी यातून दिसतात: आपत्ती खरी असावी, मोकळीक गरजेपुरती असावी, आणि आपत्ती संपली की ती मोकळीकही संपावी. तेलाला त्या नेमक्या लागू होतात. खुणा तपासून झालेल्या असाव्यात. बदल एकाच पायरीचा, तापल्यावरच्या नंबरात असावा, गारठ्याचा नंबर शक्यतो तोच ठेवावा. आणि बदलानंतर वहीतल्या नोंदी सुरू ठेवाव्यात. तेल खाणे कमी झाले नाही, तर पुन्हा पुस्तिकेतल्या नंबरावर यावे. जास्त मैल झालेल्या गाड्यांसाठी विकली जाणारी तेलेही याच पायरीवर येतात. त्यांत सील मऊ करणारी द्रव्ये असतात, कडक झालेल्या सीलला त्यांचा उपयोग होऊ शकतो. झिजलेल्या धातूला ती परत भरीत नाहीत.

आपद्धर्माची सर्वांत अवघड कसोटी सत्याची आहे. जाड तेलाने बेअरिंगचा ठोका दबतो, धूर काही दिवस कमी होतो, दाबाचा दिवा विझतो. हेच काम मालक आपली गाडी आणखी दोन हिवाळे चालावी म्हणून करतो, आणि विकणारा ग्राहकाच्या कानापर्यंत ठोका जाऊ नये म्हणून करतो. तेल तेच, कृती तीच, कर्म मात्र वेगळे. ब्रिटनमध्ये व्यापाऱ्याने विकलेल्या गाडीला 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याचे संरक्षण असते, पण एका खासगी मालकाने दुसऱ्याला विकलेल्या गाडीत घेणाऱ्याला बहुतांशी विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. तिथे तेलाची वही गाडीबरोबर देणे हे कायद्याने मागितलेले नसले, तरी धर्माने मागितलेले आहे. दुखणे सुसह्य करणे ही दया आणि दुखणे लपवणे ही फसवणूक, हा भेद बाहेरून दिसणाऱ्या कृतीत सापडत नाही. कोणापासून काय लपवले, या प्रश्नातच तो सापडतो. हीच गोष्ट स्वतःलाही लागू आहे. विझलेला दिवा म्हणजे बरे झालेले इंजिन, असे समजणारा मालक पहिल्यांदा स्वतःलाच फसवतो.

शेवटी ओळखीचा प्रश्न उरतो. मुळात ज्या इंजिनासाठी नियम लिहिला गेला, ते हेच इंजिन आहे का? थॉमस हॉब्जने 1655 च्या ग्रंथात थीसियसच्या जहाजाचा प्रश्न मांडला: फळी-फळी करून सगळे जहाज बदलले, तर ते तेच राहते का? मिलिंदप्रश्नातील नागसेनाने रथाबद्दल हेच विचारले होते: चाक म्हणजे रथ नाही, आस म्हणजे रथ नाही, मग रथ कोणता? ब्रिटनच्या वाहन नोंदणी कार्यालयाला या प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर द्यावे लागले. मोठे फेरफार झालेली गाडी मूळचीच समजायची का, हे ठरवण्यासाठी त्याने अनेक वर्षे वापरलेल्या गुणपद्धतीत मूळ चासीला 5 गुण होते आणि इंजिनाला 1. जॉन लॉकचे उत्तर याहून खोल जाते. ओकचे रोप वाढून प्रचंड वृक्ष होते, त्याच्यातला कणही मूळचा राहत नाही, तरी झाड तेच, कारण त्याच्या अंगांना एकत्र बांधणारा जीवनक्रम अखंड चालू असतो. इंजिनाला जीव नाही, पण बांधणी आहे. ती बांधणी मूळच्या मापात असेल तोवर, मैल कितीही झाले तरी, मूळ नियम तिचाच आहे. दीड लाख मैलांनंतरही दाब ठीक, धूर नाही आणि तेल खाणे नाही, अशी इंजिने असतात. त्यांना पुस्तिकेतलेच तेल घालावे. मापे बिघडली तर आपद्धर्म. आणि इंजिन उघडून नव्या बेअरिंगा, नव्या रिंगा घालून पुन्हा मूळ मापात बांधले, तर आपत्ती संपली, जाड तेलाची मुभाही संपली, आणि पुस्तिकेतला नंबर पुन्हा लागू झाला.

संस्कृतात तेलाला आणि मायेला एकच शब्द आहे, स्नेह. आयुर्वेदात म्हातारपण हा वाताचा, म्हणजे कोरडेपणाचा काळ, आणि त्यावरचा मुख्य उपचार स्नेहाचा. पण तिथेही स्नेह किती, कोणता आणि कोणाला हे वैद्य आधी तपासून ठरवतो. इंजिनाच्या बाबतीत तपासण्याचा क्रम असा राहतो: आधी पुस्तिका, मग खुणा, मग दुरुस्तीची शक्यता, मग मुभा असलेल्या नंबरांतून निवड, आणि सर्वांत शेवटी पुस्तिकेबाहेरची एक पायरी, तीही नोंद ठेवून. या क्रमात मैलांच्या आकड्याचे काम एकच आहे: डिपस्टिक जास्त वेळा काढून पाहण्याची आठवण देणे.